सरपणाची करवत कोणी निवडायची?

धुळ्याच्या आमच्या घरात दोन वस्तू पिढीजात आहेत. एक तांब्याचा बंब आणि दुसरा आमच्या थोरल्या बंधूंचा हट्ट. बंब वर्षातून चार-पाच महिने पेटतो. दुसऱ्याला ऋतूचे बंधन नाही. घरात गॅस आहे, गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारे यंत्रही आहे. पण नरक चतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान बंबाच्याच पाण्याने व्हायचे, हा अण्णांचा कायदा. त्या पाण्याला धुराचा किंचित वास येतो आणि तो वास म्हणजेच दिवाळी, असे त्यांचे म्हणणे. यावर वहिनींनी वाद घालणे पुष्कळ वर्षांपूर्वीच सोडून दिले आहे.

बंब पेटायचा तर बंबफोड हवी. ज्यांनी बंब पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की त्याच्या पोटातली नळी अरुंद असते. वरून सोडायची लाकडे वीतभर लांबीची आणि दोन-तीन बोटे जाडीचीच लागतात. मोठा ओंडका तेथे कामाचा नाही. ही फोड करून देणारे एक गृहस्थ तीस वर्षे कुऱ्हाड खांद्यावर टाकून दसऱ्याच्या सुमारास आमच्या अंगणात येत. आता त्यांचे हात थकले. त्यांचा मुलगा सुरतेला कारखान्यात आहे. त्याने ही कुऱ्हाड उचलावी असे त्यांनाही वाटत नाही. वखारवाला लाकूड वजनावर देतो, पण वीतभर तुकडे करून देण्याला त्याच्याकडे माणूस नाही.

अशा वेळी गेल्या उन्हाळ्यातल्या एका वादळात पांझरेकाठच्या शेतात बांधावरची बाभूळ मुळासकट आडवी झाली. बुंध्याची जाडी फूटभर, फांद्या सहा-सात इंचांच्या. दोन-तीन दिवाळ्यांचे सरपण दारात चालून आले होते. अण्णा म्हणाले, "आता कटरच घेऊन टाकू." आमच्याकडे साखळीच्या करवतीला सगळे 'कटर' म्हणतात, दुकानदार 'चेन-सॉ' म्हणतो.

ही करवत घेण्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. कारण ती घेताना आम्ही जी चूक केली ती पुष्कळ घरांत होत असावी असा मला संशय आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी आपल्याजवळ लाकूड कोणते आणि किती, हे पाहायला हवे होते. खानदेशातले बहुतेक सरपण करवतीने कापण्याजोगे नसतेच. येथे खरे जळण म्हणजे कपाशीच्या काड्या. वेचणी संपली की झाडे उपटायची, मोळ्या बांधायच्या, गोठ्यामागे रचून ठेवायच्या. त्यांना विळा पुरतो, नाहीतर गुडघा पुरतो. जळगावकडचे जगप्रसिद्ध वांग्याचे भरीत याच काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे. गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या वांग्याला खानदेशी माणूस भरीत म्हणतो, पण डोळे खाली घालून म्हणतो. काड्यांचा जाळ भसकन येतो आणि भसकन जातो, वांग्याची साल करपते आणि आतला गर धुरावतो. भरताला नेमके तेच हवे असते. तुरीच्या तुराट्यांचेही तसेच. मात्र हल्ली कृषिखाते या काड्या शेतात किंवा घरामागे साठवून ठेवू नका म्हणून सांगत असते, कारण २०१७ साली ज्या गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राची कपाशी पोखरली तिचा मुक्काम या साठवलेल्या काड्यांतही असतो. जळगावची ती दुसरी प्रसिद्ध वस्तू, केळी, तिचे खोड तर जळणाच्या दृष्टीने निव्वळ पाणी.

उरले झाडांचे लाकूड. त्यात बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, कडुनिंब, आणि नदीकाठी माजलेली वेडी बाभूळ. यांत बाभूळ म्हणजे जळणाची राणी. तिचा निखारा टिकतो. खापरावरचे मांडे करणाऱ्या बायका ज्या संथ आणि सारख्या आंचेची वाट पाहतात ती बाभळीच्या लाकडात आहे. पण ज्या घट्टपणामुळे पूर्वी तिचे नांगर आणि गाड्यांचे आंस होत, तोच घट्टपणा करवतीचे दात बोथट करतो. तेव्हा आमचा हिशेब असा होता: लाकूड कठीण, जाडी फूटभराच्या आत, काम वर्षातून सात-आठ दिवसांचे. हा हिशेब कागदावर मांडून दुकानात गेलो असतो तर अर्धे काम झाले असते.

आम्ही कागद न घेताच गेलो. धुळ्याच्या आग्रा रोडवर एका दुकानात शिरलो. "काय जोयजे, भाऊ?" असे विचारून दुकानदाराने अण्णांकडे एकवार पाहिले आणि बावीस इंची पात्याचे, ५८ सीसीचे एक लालभडक यंत्र समोर ठेवले. पाते तलवारीसारखे. किंमत नामांकित यंत्राच्या निम्म्याहून कमी. "सागाचा बुंधा घ्या नाहीतर चिंचेचा, लोण्यासारखा कापतो," दुकानदार म्हणाला. आमच्याकडे सागही नव्हता आणि चिंचही नव्हती, पण पुरुषाच्या जातीला मोठ्या पात्याचे एक आकर्षण असते. अण्णा पैसे मोजायलाच निघाले होते. आमच्या सुदैवाने त्या दिवशी त्यांच्या खिशात पुरेसे पैसे नव्हते.

दरम्यान एका नातेवाइकांनी आपले तसलेच यंत्र चार दिवसांसाठी दिले. ते घेऊन शेतात गेलो आणि यंत्र अर्थातच सालदाराच्या हाती दिले. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे शेतावरचा गडी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीने ठरतो आणि पुढच्या अखाजीला त्याचे साल पुरे होते. आमचा सालदार तिशीतला, अंगाने सडपातळ, कुऱ्हाडीच्या कामात तरबेज. यंत्र उचलून त्याने एवढेच म्हटले, "अण्णा, हाई मशीन भलतं जड शे." अण्णा म्हणाले, "सवय होईल."

मूठ धरायच्या पुढच्या कडीसमोर अशा यंत्राला एक आडवी पट्टी असते. आमच्या उसन्या यंत्राची पट्टी कोणीतरी 'कामात आड येते' म्हणून काढून टाकलेली होती. ती कशासाठी असते हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. पहिल्या अर्ध्या तासात तीन फांद्या कापून झाल्या. चौथी कापताना पात्याचे टोक पलीकडे पाल्यात दडलेल्या दुसऱ्या फांदीला लागले, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते सगळे यंत्र उसळून त्याच्या खांद्यावर आले. खांद्यावर टॉवेल होता. त्याच्या चिंध्या चाकीत गुरफटल्या, यंत्र गुरगुरून बंद पडले. सालदाराच्या गळ्याजवळ एक लाल ओरखडा उठला होता, त्यापलीकडे काही नाही. तो खाली बसला. अण्णांनी त्याला पाणी दिले. त्या दिवशी पुढचे काम कोणी केले नाही आणि घरी परतताना मोटारीत कोणी बोललेही नाही. त्याला दोन लहान मुली आहेत.

ही उसळी म्हणजे काय, हे नंतर समजले. साखळी पात्याच्या वरच्या कडेने पुढे धावते, टोकाला वळसा घेऊन खालच्या कडेने मागे येते. खालच्या कडेने कापत असाल तर यंत्र लाकडाकडे ओढले जाते, ते ठीक. पण टोकाचा वरचा भाग कशाला टेकला आणि दात अडकला, तर साखळी थांबते पण इंजिनाचा जोर थांबत नाही. तो जोर सगळे पातेच वर आणि मागे, म्हणजे धरणाऱ्याच्या मानेकडे फेकतो. भरात असलेली साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर धावते. तासाच्या हिशेबाने सत्तर किलोमीटर. हात आखडून घ्यायला सवड कोठली! ती पुढची पट्टी म्हणजे ब्रेक. उसळीबरोबर मनगट तिच्यावर आदळते, किंवा उसळीच्या हिसक्यानेच ती पुढे पडते, आणि साखळी सेकंदाच्या अंशात जागच्या जागी थांबते.

या साखळीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. साखळीला दात लावून कापण्याची कल्पना प्रथम सुचली ती लाकूडतोड्याला नव्हे तर शस्त्रवैद्याला. बर्नहार्ड हाइने नावाच्या जर्मन गृहस्थाने १८३० च्या सुमारास हाडे कापण्यासाठी हाताने फिरवायची साखळीची करवत बनवली. लाकडासाठी विजेवर चालणारे यंत्र जर्मनीतच आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली केले. पुढे पेट्रोलची यंत्रे आली. पण ती मणामणाची धुडे, दोन माणसांनी धरायची, आणि त्यांचे दात साध्या करवतीसारखे ओरबाडणारे, घटकाघटकेला कानस मागणारे. मग १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगन प्रांतात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्याशी बसून राहिला असताना त्याला लाकूड पोखरणारी एक अळी दिसली. ती आपल्या दोन वाकड्या जबड्यांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे कुरतडत ओल्या लाकडातून आडवीउभी सुखाने चालली होती. कॉक्सने तसेच एक डावे, एक उजवे वाकडे दात साखळीला बसवले आणि १९४७ साली ती विकायला आणली. आज आग्रा रोडवर टांगलेली साखळीही त्याच अळीची वंशज आहे. एका अळीने आमची कपाशी खाल्ली आणि दुसरीने आम्हांला करवत दिली, असा हा अळ्यांचा जमाखर्च.

असो. पुढच्या खेपेला आम्ही जळगावला गेलो, आणि या वेळी सालदाराला बरोबर घेतले. ही सूचना वहिनींची. त्या म्हणाल्या, "साडी आणायला मला नेता ना? मग करवत आणायला त्याला न्या." पारोळा, एरंडोल मागे टाकत जवळजवळ शंभर किलोमीटरचा रस्ता, तो सगळा वेळ मोटारीत खिडकीशी गप्प बसला होता. दुकानात मात्र त्याने चार यंत्रे एकेक करून उचलली, दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीवर धरून उभा राहिला आणि प्रत्येक वेळी मनात काही मोजत राहिला. चौथे यंत्र खाली ठेवले नाही. "हाई बरं शे." ते सोळा इंची पात्याचे, चाळीस सीसीच्या आसपासचे, पाच किलोहून थोडे कमी वजनाचे होते.

ते बरे का, हे दुकानातल्या कारागिराने समजावले. नेहमीच्या लाकडाच्या जाडीपेक्षा पाते दोन इंच लांब असले की पुरे. आमच्या फूटभर बुंध्याला चौदा इंचही चालले असते, सोळा म्हणजे चैन. कधी जास्त जाड खोड आलेच तर दोन्ही बाजूंनी कापता येते. पाते लांब घेतले की वजन वाढते, टोक डोळ्यांआड जाते, आणि डोळ्यांआडचे टोक काय करते ते आम्ही पाहिले होते. सहा-सात किलोचे धूड दिवसभर धरून हात थकतात, थकलेला हात खाली येतो, पाते जमिनीला लागते. आणि बाभळीपेक्षाही माती दातांची मोठी वैरीण. स्वस्त यंत्रे सगळीच टाकाऊ असतात असे मी म्हणणार नाही. पण साखळी, पाते, गाळणी हे सुटे भाग सहा महिन्यांनी त्याच गावात मिळतील का, हा प्रश्न विचारल्यावर पुष्कळ दुकानदार एकाएकी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

वाड्याच्या अंगणातच लाकूड आणून कापणार असाल तर विजेचे यंत्र खरोखर चांगले. धूर नाही, आवाज कमी, दोरी ओढण्याची कटकट नाही. मात्र अठराशे-दोन हजार वॅटचे यंत्र साध्या दिव्याच्या खटक्यावर लावू नये. त्याला पंधरा अँपिअरची जागा आणि जाड वायर लागते, बारीक वायर तापून वितळते. बॅटरीवर चालणारी सहा इंची छोटी करवत हल्ली घरोघर दिसते. ती जास्वंद-पेरूच्या फांद्या छाटायला सुरेख, बाभळीच्या बुंध्यापुढे तिने हात टेकले तर दोष तिचा नव्हे. आमची बाभूळ विजेच्या खांबापासून दूर पडली असल्यामुळे पेट्रोलवाचून इलाज नव्हता.

दुकानातच तपासण्याच्या दोन-तीन गोष्टी आहेत. पुढची पट्टी हाताने ढकलावी; ती खटकन बसली पाहिजे आणि साखळी हाताने सरकता कामा नये. अर्थात इंजिन बंद असताना आणि हातमोजा घालून. मागच्या मुठीवरचा खटका दाबल्याशिवाय वेग देण्याची कळ दाबलीच जाऊ नये. मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग असावी. दिवसेंदिवस ती थरथर हाडांत जिरली तर थंडीत बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा विकार जडतो. आमच्याकडे हे कोणी विचारत नाही, कारण विकत घेणाऱ्याची बोटे आणि धरणाऱ्याची बोटे वेगळी असतात.

आणि मग कपड्यांचा विषय निघाला. साखळीच्या कामासाठी एक खास विजार मिळते, तिच्या आत लांब लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे बाहेर ओढले जाऊन चाकीत गुंततात आणि यंत्र थांबते. हे ऐकताच सालदार आणि मी एकमेकांकडे पाहू लागलो: शेतात टॉवेलने तेच केले होते! पण याचा अर्थ टॉवेल पांघरून काम करावे असा नाही. सैल कपडा बहुधा माणसालाच आत ओढतो. विजार, डोळ्यांपुढे जाळी असलेले शिरस्त्राण, कानांवर झाकण, कारण या यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, आणि जाड बूट, या सगळ्यांची किंमत यंत्राच्या किमतीच्या जवळपास गेली. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "लिहा बिलात," ते म्हणाले. आमच्या बंधूंबद्दल मी पुष्कळ वेळा थट्टेने लिहितो. तो क्षण मात्र तसा नव्हता.

वापराचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण यंत्रे बिघडतात ती बहुतेक आळसाने. ही दोन फेऱ्यांची इंजिने. पेट्रोलात तेल मिसळावे लागते. पुस्तिकेत पन्नासास एक लिहिले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, पंचविसास एक असेल तर ४०. अंदाजाने ओतू नये. देशभर २०२५ पासून मिळणाऱ्या पेट्रोलात सुमारे वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढते. म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करून उरलेल्या थेंबांवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. या दिवाळीचे पेट्रोल पुढच्या दिवाळीला चालणार नाही. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. तीत गॅरेजमधले जळके तेल ओतण्याची आमच्याकडची रीत वाईट. त्यातल्या धातूच्या कणांनी पाते झिजते. दात बोथट झाल्याची खूण सोपी आहे: धारदार करवतीतून लाकडाच्या कपच्या उडतात, बोथट करवतीतून पीठ. पीठ दिसले की जोर लावू नये, गोल कानस घ्यावी. बाभळीला दर टाकीमागे कानस लागते असे आमच्या अनुभवास आले.

लाकूड कापायच्या आधी कायद्याकडेही एक नजर टाकलेली बरी. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन, चंदन अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही. पण शहराच्या हद्दीत १९७५ चा दुसरा कायदा आहे, आणि तेथे आपल्या अंगणातल्या साध्या कडुनिंबासाठीही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. धुळे आणि जळगाव ही दोन्ही शहरे २००३ पासून महानगरपालिका आहेत, तेव्हा अर्ज तिकडे. करवत घरात आली की परसातले झाड उगीचच अडचणीचे वाटू लागते, हा माझा इशारा अनुभवाचा आहे. आमच्या शेवग्याकडे अण्णा दोन दिवस फार रोखून पाहत होते.

बाभूळ दसऱ्यानंतर चार दिवसांत कापून झाली. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर आधी वरून तिसरा हिस्सा आणि मग खालून कापायचे, एकच टोक टेकलेले असेल तर उलटे, म्हणजे पाते चिमटत नाही. हे सालदाराला एकदाच सांगावे लागले. फांद्यांसाठी त्याने स्वतःच लाकडाची एक घोडी ठोकून घेतली. एकट्याने यंत्र चालवायचे नाही आणि खांद्याच्या वर उचलायचे नाही, हे दोन नियम त्याचे स्वतःचे. त्या दिवसानंतर कोणी सांगण्याची गरज नव्हती. उन्हाळाभर पडून राहिलेले लाकूड बरेच वाळले होते, म्हणून या दिवाळीला धूर बेताचाच होईल असे दिसते.

एक गोष्ट मात्र आम्हांला कोणत्याही दुकानदाराने सांगितली नव्हती. करवत लाकूड आडवे कापते, उभे फोडत नाही. वीतभर तुकड्यांचा ढीग अंगणात आला आणि बंबाच्या नळीत त्यातला एकही जाईना! शेवटी ते जुने गृहस्थ खुर्चीवर येऊन बसले. त्यांनी पाचर कोठे ठेवायची, बाभळीची पीळदार रेघ कशी ओळखायची ते दाखवले आणि सालदाराने त्यांच्याच कुऱ्हाडीने फोड केली. वहिनींनी दोघांना चहा दिला. म्हाताऱ्यांनी जाताना नव्या यंत्राला हात लावून पाहिला आणि वजन विचारले.

आता एवढेच राहिले आहे: जळगावहून आणलेले बूट आठ नंबरचे निघाले, सालदाराला नऊ लागतात. तो आठ नंबरचे घालूनच काम करीत होता आणि सांगत नव्हता. भाऊबीज झाली की ते बदलायला परत जळगावला जायचे आहे.